'ने मजसी ने' आणि आमचे लालबावटेवाले अण्णा

गिरणगावकर:
मुलगी सातवीत आहे. शाळेच्या स्पर्धेत सावरकरांची 'ने मजसी ने' ही कविता म्हणायचं ठरलं आणि पाठ करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. आमचे अण्णा गिरणीच्या साचाखात्यात होते, लालबावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे. १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. सावरकरांचं नाव निघालं की अण्णा टीव्ही बंद करतात. माझंही मत फारसं वेगळं नाही. भारत ज्याची पितृभू आणि पुण्यभू तोच हिंदू, ही त्यांची व्याख्या मला नाही पटत. अण्णांच्या शेजारच्या साच्यावरचे चाचा तिच्यात बसत नाहीत.

पण 'प्रासाद इथे भव्य परी मज भारी, आईची झोपडी प्यारी' इथे आलो आणि आवाजच फुटेना. पोरगी म्हणते, बाबा, पुढे? बघतो तर दारात अण्णा. रत्नागिरीहून बोटीने चौदाव्या वर्षी मुंबईला आलेला माणूस. काही न बोलता आत गेले.

कवितेला हो आणि कवीच्या राजकारणाला नाही, हे तुम्ही लोक कसं जमवता?

पेठेतला:
आमच्याकडे उलटं. तीन पिढ्या संघाचं घर, आणि मी कामगारकवी नारायण सुर्व्यांचा भक्त. पहिल्या संपात मार्क्स भेटतो ती कविता आठवते? त्यातली जानकीअक्का त्याला 'मार्कसबाबा' म्हणते. मला मार्क्स पटत नाही, जानकीअक्का पटते. चाललंय बरं.

तिरकस:
चाललंय कारण दोघंही सोयीचं वाचताय! जानकीअक्काच्या खांद्यावरून मार्क्स उतरवलात तर उरते एक गोड म्हातारी. सुर्व्यांनी ती तुमच्यासाठी लिहिली नव्हती. आणि गिरणगावकर, 'ने मजसी ने' म्हणजे नुसती घरची आठवण नव्हे. साल १९०९. त्याच जुलैत लंडनमध्ये क्रांतिकारक मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या, ऑगस्टमध्ये ते फाशी गेले. सावरकर त्यांच्याच गोटातले. त्यानंतर ब्रायटनच्या किनाऱ्यावर ही कविता. शेवटी बघा, कवी समुद्राला अगस्तीचा, म्हणजे एका घोटात समुद्र पिणाऱ्या ऋषीचा, धाक घालतो. राजकारण वगळून वाचलंत तर हे कडवं कुठे ठेवाल?

कामाठीपुरा_चौथी_गल्ली:
तुम्हाला निदान एकच कवी सांभाळायचाय. मी नामदेव ढसाळवाला. १९७२चा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आणि दलित पँथर एकीकडे. आणीबाणीत इंदिराबाईंवर 'प्रियदर्शिनी' लिहिणारा आणि पुढे शिवसेनेच्या 'सामना'त सदर चालवणारा दुसरीकडे. माणूस एकच. खूप वर्षं रागाने पुस्तक कपाटावर टाकलं होतं. मागच्या पावसाळ्यात गळतीमुळे खाली काढलं, उभ्याउभ्याच वाचत बसलो. राग आहे तसाच आहे.

गिरणगावकर:
तिरकस, टोचलं, पण बरोबर. काल अगस्तीचं कडवं पोरीला समजावलं, धिंग्रांसकट. तिचा पहिला प्रश्न, मग समुद्र घाबरला का?

रात्री जेवताना अण्णा ताटात बघतच म्हणाले, "त्या अगस्तीपाशी ती घाई करते. तिथं थांबायला सांग." मी विचारलं, तुम्हाला पाठ आहे? "शाळेत होती," म्हणाले, आणि बातम्या लावायला उठले.