फवारणीत पुतण्या गेला, कागदावर लिहिलं 'विष प्राशन'

राळेगावची काकू
आम्ही राळेगाव तालुक्यातले कास्तकार. दिरांचा मुलगा, वय 24, पऱ्हाटीवर (कपाशीवर) औषध मारून दुपारी घरी आला. अंग घामानं थबथबलेलं, तोंडातून लाळ. "काकू, मले अंधुक दिसते," म्हणाला अन् ओट्यावरच उलट्या सुरू झाल्या. सदरा पाठीकडून ओला होता, त्याला औषधाचा उग्र वास येत होता. पंप गळका होता. दवाखान्यात नेईस्तोवर शुद्ध गेली, दुसऱ्या दिवशी तो गेला. पोलिसांकडे गेलेल्या कागदात मात्र 'विष प्राशन' लिहिलं आहे.

तेरवीला कोणी म्हणे कर्ज होतं, कोणी म्हणे सोयरीक मोडली होती. जाऊबाई सारं ऐकत होत्या. आता रात्री मला विचारतात, "सकाळी मी त्याच्यावर रागावली होती, त्यानं तर नसन पेलं?" पैशाचं मागून पाहू, आधी मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे. वावर सासऱ्यांच्या नावावर आहे.

निवृत्त सिस्टर, वर्धा
ताई, ही औषधं कातडीतून शरीरात जातात. ओला सदरा तासन् तास पाठीला चिकटून राहिला तर तेवढ्यानंही जीव जाऊ शकतो, तोंडानं घ्यावंच लागतं असं नाही. घाम, लाळ, अंधुक दिसणं, उलट्या ही ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत दिसणारी लक्षणं. जाऊबाईंना हे जवळ बसून सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. आईचं रागावणं रोजचंच असतं हो.

कळंबचा कास्तकार
2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं 20 हून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर यायचा, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. चौकशीला विशेष पथक नेमावं लागलं होतं. तरी लोक अजून पेला काय म्हणून विचारतात, याचा लय राग येते. तुमच्या गावात ज्यांनी त्याला त्या दिवशी पंप घेऊन वावरात पाहिलं त्यांनी बोललं पाहिजे, तेरवीत कुजबुजून काय होते?

माजी पोलीस पाटील
मर्गाचा (अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा) तपास बंद झाला नसेल तर ठाण्यात पुरवणी जबाब द्या. तुम्ही, वावरातले शेजारी, सगळे. पंप, सदरा, औषधाचा डबा धुऊ नका, फेकू नका, पंचनामा करून जप्त करायला सांगा. कृषी केंद्राची पावती शोधा. पोस्टमॉर्टेमची प्रत मागा अन् व्हिसेरा (तपासणीसाठी काढून ठेवलेले शरीरातले अवयव) प्रयोगशाळेत गेला का तेही विचारा. पोट-आतडी, यकृत-मूत्रपिंड अन् रक्त वेगवेगळ्या बरण्यांत जाते, म्हणून कोणत्या बरणीत विष सापडलं ते अहवालात नीट वाचून घ्या.

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. मृत्यू असेल तर 2 लाख मिळतात. सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला एक जणही चालते, पण खातेदाराचे आई-वडील, नवरा-बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांपैकीच; वावर आजोबांच्या नावावर आहे, तर नातू बसते का ते आधी विचारून घ्या. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अर्ज द्यावा लागते. कागद अपुरे असले तरी अर्ज देऊन पोच घ्या.

राळेगावची काकू
सिस्टर, तुमचं उत्तर जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते परत वाचायला लावलं. सदरा अजून गोठ्यात खुंटीला आहे. त्या दिवशी शेजारच्या धुऱ्यावर निंदणाला आलेल्या दोघी बायका ठाण्यात यायला तयार झाल्या आहेत. पाटीलभाऊ, त्यांचे जबाब एकाच दिवशी घ्यायला सांगायचे का?