स्प्लीन (प्लीहा) हाताला लागत नाही, सोमवारी प्रॅक्टिकल आहे. मदत हवी आहे

फायनल_इयर
नमस्कार, घाईत लिहितेय. मला स्प्लीन लागत नाही. रेसिडेंट सर येतात, हात ठेवतात, "ही बघ, केवढी मोठी आहे" म्हणतात आणि पुढच्या बेडकडे जातात. मी तिथेच हात ठेवला की नुसतं कडक पोट लागतं. बॅचमधल्या बाकीच्यांना लागते. व्हिडिओ बघून झाले, पुस्तकातलं पाठ आहे, ते परत सांगू नका प्लीज. हात नक्की कसा ठेवायचा तेवढं सांगा. शॉर्ट केसला (परीक्षेत थोड्या वेळात पेशंट तपासून सांगायचं असतं तिथे) अ‍ॅब्डोमेन आलं तर माझं काय होणार?

कोकणी_डॉक्टर
अगं, पेशंट कोण, वय काय, सोनोग्राफीत स्प्लीन किती, यातलं काहीच लिहिलं नाहीस. हात कुठून सुरू करतेस? गुडघे वाकवून घेतेस का? पेशंटने लघवी करून घेतली होती का?

सुगरण_७१
पोट कडक लागत असेल तर गॅस असणार. ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्यातून द्यायचं. आमच्या ह्यांना लगेच उतार पडतो.

फायनल_इयर
काकू, पोट पेशंटचं आहे, माझं नाही.
@कोकणी_डॉक्टर सर, तरुण पेशंट आहे, वारंवार ताप येतो, रक्त कमी आहे. सोनोग्राफीत स्प्लीन १९ सेंमी. गुडघे वाकवून घेते. डाव्या बरगड्यांच्या खाली बोटं खुपसून बघते, कारण स्प्लीन तिथेच असते ना?

कोकणी_डॉक्टर
तिथेच घोळ आहे. नॉर्मल स्प्लीन नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते, साधारण दुप्पट-तिप्पट वाढल्याशिवाय हाताला येतच नाही. आणि वाढते ती तिरकी, बेंबीच्या दिशेने, उजव्या इलियॅक फोसाकडे (ओटीपोटाची उजवी बाजू). १९ सेंमी असेल तर बरगडीखाली तू हात ठेवतेस तो थेट स्प्लीनच्या अंगावर. तुला जे 'कडक पोट' लागतंय ती स्प्लीनच आहे. तिची कड खाली राहून गेली.
सुरुवात उजव्या इलियॅक फोसातून कर. पेशंटला तोंडाने खोल श्वास घ्यायला सांग. श्वास आत जाताना हात स्थिर ठेव आणि कडेला तुझ्या बोटावर येऊन आपटू दे. श्वास सोडला की हात थोडा वर सरकव. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, तर्जनीची कड वापर.

पीजी_मेडिसिन
सरांशी सहमत, पण तर्जनीच्या कडेचा आग्रह मला पटत नाही. मला बोटांच्या पेरांनीच चांगलं कळतं. डावा हात मागून डाव्या खालच्या बरगड्यांना आधार देतो ना, त्याने बरगड्या हलक्याच पुढे ओढ. तरीही नाही लागली तर पेशंटला उजव्या कुशीवर घे, गुडघे दुमडून.

कोकणी_डॉक्टर
पेरांनी बघणारे हात नकळत दाबतात आणि पेशंट पोट आवळतो, हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे. शिकणाऱ्याने आधी कडच वापरावी.

रेडिओ_कट्टा
एवढी मारामारी कशाला? सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की दोन मिनिटांत सेंटिमीटरसकट उत्तर. हाताने स्प्लीन शोधण्यात वेळ घालवू नये, हे माझं स्पष्ट मत.

पीएचसी_मधून
माझ्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सोनोग्राफी मशीन नाही, तालुक्याला जायचं तर पेशंटचा दिवसाचा रोज बुडतो. गडचिरोलीत तापाच्या पेशंटचं पोट हाताने बघावंच लागतं. मलेरिया, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) दोन्ही इथे आहेत. सिकलसेलच्या लहान मुलात स्प्लीन अचानक वाढली आणि मूल पांढरं पडलं तर तिथल्या तिथे निर्णय घ्यावा लागतो. कृपया विद्यार्थ्यांना असलं सांगू नका.
@फायनल_इयर, तू पेशंटच्या कुठल्या बाजूला उभी असतेस?

फायनल_इयर
डावीकडे. उजवीकडे बेड भिंतीला लागलाय, जागाच नाही. ते महत्त्वाचं आहे का?

पीएचसी_मधून
फार. डावीकडून तुझा डावा हात मागे आधाराला जातच नाही, आणि उजवा हात उलट्या दिशेने चालतो. वॉर्डातल्या मामांना सांगून बेड ओढून घे, ते करतात. पेशंटच्या उजवीकडे उभी राहा, नाहीतर गुडघ्यावर बस, म्हणजे हात पोटाच्या पातळीला येतो. हात आधी चोळून गरम कर. आणि बघायचं पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे. दुखलं की कपाळावर आधी दिसतं.

वैद्य_सातारकर
आमच्याकडे दर्शन, स्पर्शन, प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. हात लावण्याआधी नीट बघा आणि बोला. पेशंटशी दोन शब्द गावाकडचे, शेताचे बोललं की पोट आपोआप सैल पडतं. 'पोट सैल सोडा' म्हटलं की उलट आवळतात.

पीजी_मेडिसिन
वैद्यजींचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं.
अजून एक. कड लागली की लगेच 'स्प्लीन' म्हणू नकोस. परीक्षक विचारणारच, किडनी कशावरून नाही? स्प्लीन असेल तर बरगडी आणि गाठ यांच्यामध्ये वरून बोट जात नाही, श्वासाबरोबर तिरकी खाली येते, आतल्या कडेला खाच असते, वर पर्कशन (बोटाने वाजवून बघणं) डल, म्हणजे बद्द येतं. किडनीवर आतडं असतं म्हणून तिथे बहुधा रेझोनंट (पोकळ आवाज), आणि ती दोन हातांत उडवता येते. आणि स्टेथो पाल्पेशनच्या (हाताने चाचपण्याच्या) आधी लाव, दाबल्यावर आतड्याचे आवाज बदलतात.

कोकणी_डॉक्टर
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्टेथो शेवटी. छाती तपासतो त्याच क्रमाने.

पीजी_मेडिसिन
सर, छातीचा नियम पोटाला कशाला?

पीएचसी_मधून
हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. मुली, तुझ्या डिपार्टमेंटला कुठला क्रम चालतो ते रेसिडेंटला आजच विचार आणि तोच कर.

सुगरण_७१
माझ्या भाचीलाही मेडिकलला जायचंय. नीटला किती मार्क लागतात हो साधारण?

फायनल_इयर
मामांनी बेड ओढून दिला. खालून वर आले, बेंबीच्या थोडं वर डावीकडे कड लागली!! श्वासाबरोबर खरंच बोटावर येऊन आपटते. खाच मात्र नाही सापडली. आणि दुसऱ्या एका पेशंटचं पोट पाण्याने भरलंय, त्याच्यात असं काहीच लागत नाही. तिथे काय करू?

कोकणी_डॉक्टर
शाब्बास. खाच प्रत्येकात लागत नाही, न लागल्यास लागली असं सांगू नकोस. पाणी असेल तर डिपिंग कर. बोटं पोटावर सपाट ठेवून पटकन एक हिसका द्यायचा, पाणी बाजूला होतं आणि अवयव बोटांना टेकतो. हळूहळू दाबून तिथे काही मिळत नाही. त्याच्या आधी शिफ्टिंग डलनेस (कूस बदलली की बद्द आवाजाची जागा सरकते का) बघितलास का? कुशीवर वळवल्यावर थोडं थांबून मग वाजवायचं, लगेच नाही. आणि त्या पेशंटचे डोळे पिवळे आहेत का, पाय सुजलेत का, ते इथे लिही. परत अर्धवट माहिती टाकलीस.