मदत हवी आहे: जुन्या रजिस्टरमधली बाळांची जन्मवजनं कशी ताडायची?

नमस्कार मंडळी. तासगावकडच्या एका सूतिकागृहाची जुनी रजिस्टरं डॉक्टरांच्या परवानगीने अभ्यासाला मिळाली आहेत. आपल्या सांगली भागात जन्मवजन खरंच वाढलंय का, हे मला मनापासून शोधायचंय.

जुन्या पानांवर वजनं अशी आहेत: २.५, २.५, ३, परत २.५. नव्या पानांवर डिजिटल काट्याची २.४३५. कमी वजनाचं बाळ म्हणजे २.५ किलोच्या आतलं, त्यामुळे जुन्या नर्सबाईंनी २.४ चे २.५ लिहिले असतील तर सगळं चित्रच फिरतं.

त्याहून मोठी अडचण गरोदरपणाच्या आठवड्यांची. जुन्या नोंदींत फक्त शेवटची पाळी, तीही कुठे कुठे ‘संकष्टीच्या आदल्या दिवशी’ अशी! मग ३६ आणि ४० आठवड्यांची बाळं एकाच रांगेत येतात, ते काही बरोबर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा बाळांच्या वाढीचा तक्ता पूर्ण दिवसांच्या बाळांवरून केलाय. इंटरग्रोथ-२१ या अनेक देशांत झालेल्या अभ्यासाचा जन्मवजनाचा तक्ता आठवड्यांनुसार आहे, त्यात नागपूरची बाळंही होती. मला तोच पटतो, पण आठवडेच नसलेल्या नोंदींचं काय करू? गाळल्या तर जुनी वर्षं अर्धी रिकामी होतील.

तिथीवरून आठवडे कुणी काढलेत का? जुनी पंचांगं सांगली-मिरजेत कुणाकडे असतील तर कृपया कळवा.