अनुभव धागा: छोटं कॉर्डलेस ड्रिल घरात आणि लाकडात कुठवर साथ देतं?

नौपाडा, ठाणे

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, १२ व्होल्टचं छोटं ड्रिल घ्यावं का? एकट्याच्या अनुभवावर उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून हा धागा. कंपनी कुठली ते बाजूला ठेवू. कुठल्या लाकडात, कुठल्या भिंतीत वापरलंत आणि कुठे अडलं, तेवढं मनापासून लिहा.

सुरुवात मी करतो. माझं मशीन १० मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा), दोन गिअरचं. तीन वर्षांत दोन पुस्तकांची कपाटं, खिडकीतलं बाक आणि आईच्या देवघराची चौकट त्यावर झाली. बारा व्होल्ट हा आकडा पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा. आत ३.६ व्होल्टचे तीन सेल असतात, म्हणजे काम करताना १०.८. लाकडासाठी मला ते कधी कमी पडलं नाही.

मी चुकलो तो क्लचमध्ये, म्हणजे ठरावीक जोर झाला की स्क्रू फिरवणं सोडून देणाऱ्या भागात. चकमागच्या रिंगवरचे आकडे पाहिलेच नव्हते, रिंग ड्रिलच्या खुणेवर तशीच ठेवून १८ मिमी प्लायला बिजागऱ्या लावायला घेतल्या. आठातले तीन स्क्रू जागच्या जागी फिरत राहिले, भोकं सैल झाली आणि बिजागरीची जागाच बदलावी लागली. आता चार-पाचवर सुरू करतो. स्क्रू पूर्ण बसायच्या आत टर्रर्र आवाज आला तर एक-एक आकडा वाढवतो. डोकं प्लायला टेकल्यावर टर्रर्र झालं की तोच आकडा त्या कामाला पक्का.

घोडबंदर रोड

आमची बिल्डिंग माइव्हानची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काँक्रीट. खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा आरसीसीच. नवीन घरात पडद्याचे रॉड लावायला मी मुद्दाम इम्पॅक्टवालं, म्हणजे फिरताना ठोकाही देणारं छोटं मशीन घेतलं. पंधरा मिनिटं जोर लावून दाबलं, एक सेंटिमीटरसुद्धा आत गेलं नाही. बिट निळं पडलं आणि दुपारी दोनची वेळ झाली. आमच्या सोसायटीत दोन ते चार ड्रिलिंग बंद असतं, म्हणून तिथेच थांबलो.

नंतर इलेक्ट्रिशियन दादांनी समजावलं. या छोट्या मशीनमध्ये दातांच्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात, ठोका तेवढाच, बाकी सगळा जोर आपल्या हाताचा. त्यांच्या एसडीएस हॅमरमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या मोठ्या ड्रिलमध्ये, आतला पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबाने ठोका बसतो. त्यांनी अर्ध्या तासात बारा भोकं पाडून दिली. गिट्ट्या आणि स्क्रू मात्र मी माझ्याच ड्रिलने बसवले, आणि ते काम फार छान झालं.

नौपाडा

हे महत्त्वाचं आहे, म्हणून मध्येच लिहितो. माझं घर जुन्या विटांच्या बिल्डिंगमध्ये आहे. तिथे ६ मिमीचं भिंतीचं बिट छोट्या मशीनने सहज जातं. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये तर ठोक्याचीही गरज नाही, साधं फिरवलं तरी पुरतं. मशीन निवडण्याआधी आपली भिंत कसली आहे ते बघा.

ऐरोली

मी तुर्भ्याच्या आयकियातून पलंग आणि ड्रॉवरचं कपाट आणलं आणि एकटीने जोडलं. बॅटरीसकट किलोभर वजनाचं मशीन, त्यामुळे मनगट दुखलं नाही. सगळ्या मैत्रिणींना दोन गोष्टी सांगते. त्या स्क्रूचं डोकं पोझी (फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा) असतं, साध्या फुलीचं फिलिप्स नव्हे. पोझीचंच पीझेड-२ बिट घेतलं आणि घसरणं थांबलं. दुसरं, पार्टिकल बोर्डला पहिला, म्हणजे हळू गिअर, क्लच दोन-तीनवर, आणि शेवटचा फेरा हाताने. त्या बोर्डात एकदा आटे गेले की पुन्हा पकड येत नाही.

वाशी

वय ६८. आमच्या घरी भोकं पाडायला हाताचं गिरमिट होतं, आजोबांकडे दोरीने फिरणारा सामता. मला सागाचंच काम आवडतं. हार्बरने रे रोडला जाऊन जुन्या चौकटींचे तुकडे निवडून आणतो. सागात वाळूसारखा सिलिका असतो, बिटाची धार लवकर जाते. ४ मिमी स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडतोच. न पाडता लावलेला स्क्रू एकतर तुटतो, नाहीतर काठाशी लाकूड चिरतं. बिजागरीच्या वाटीचं ३५ मिमी भोक या मशीनने होतं, पण पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत. सलग तीन भोकं पाडली तेव्हा मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली होती. आता प्रत्येक भोकानंतर थांबतो.

कळवा

मी सुतारकामच करतो. दिवसाला दोन-तीनशे स्क्रू असतात, त्यामुळे मुख्य मशीन १८ व्होल्टचं. तरी पिशवीत १२ व्होल्टचं कायम असतं. कपाटाच्या आत दोन फळ्यांमध्ये चॅनेल लावताना मोठं मशीन सरळ धरता येत नाही, स्क्रू तिरपा जातो आणि ड्रॉवर अडकतो. गिऱ्हाईक ताकदीचा आकडा विचारतं. खोक्यावरचा ३० न्यूटन-मीटर हा धातूसारख्या कडक जोडाचा आकडा, लाकडातल्या मऊ जोडाचा साधारण निम्मा. मी आधी मशीनची लांबी बघतो. आणि बॅटऱ्या दोन हव्यातच.

सीवूड्स

बॅटरीबद्दल. माझी पावसाळाभर बाल्कनीतल्या कपाटात पूर्ण उतरलेली पडून होती. ऑक्टोबरमध्ये चार्जरने ती घेतलीच नाही. दुकानदाराने बिल मागितलं, ते सापडेना. आता अर्धी चार्ज करून आतल्या खोलीत ठेवते. घरगुती वापराला ब्रशलेससाठी, म्हणजे मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेल्या मशीनसाठी, जास्त पैसे द्यावेत का?

कळवा

ताई, महिन्यातून दोनदा वापरणार असाल तर नको. त्या पैशात दुसरी बॅटरी आणि चांगली बिटं घ्या. रोजचं काम असेल तर ब्रशलेसच घ्या, कमी तापतं आणि चार्ज जास्त टिकतो.

वाशी

घ्यायला जाल तेव्हा लाकडाचा तुकडा सोबत न्या. मी मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो तेव्हा पिशवीत सागाचा तुकडा, ३ मिमीचं बिट आणि ५० मिमीचे चार स्क्रू होते. बिट लावून मशीन सावकाश फिरवा आणि टोक बघा, ते गोल हलत असेल तर चक वाकडा. मग ट्रिगर अगदी हलका दाबून स्क्रू सुरू करा. फिरणं धक्क्याने सुरू होत असेल तर ते मशीन परत ठेवा. मी तिसऱ्या दुकानात घेतलं, आणि आधीच्या दोन्ही दुकानदारांनीही न कुरकुरता तपासू दिलं होतं.