मदत हवी आहे: प्रमाणपत्रावर बायांच्या नावाआधी काय छापू?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. 8 मार्चला गावातल्या बचत गटांचा कार्यक्रम आहे. 43 प्रमाणपत्रं, स्टेजवरच्या सहा नेमप्लेट आणि (दुसरं कोणी सापडलं नाही म्हणून) सूत्रसंचालन, असं सगळं माझ्या गळ्यात पडलंय. यादी आली आहे, पण नावाआधीचा रकाना कोरा. तिथेच अडलोय.

गेल्या वर्षीचं सांगतो, म्हणजे माझी धास्ती कळेल. तेव्हा डोकं न लावता लग्न झालेल्या सगळ्यांना 'सौ.' ठोकलं. एका काकूंचे यजमान दिवाळीत वारले होते, ते ध्यानातच राहिलं नाही. त्यांनी प्रमाणपत्र घेतलं, वाचलं आणि फोटोच्या वेळी अंगठा बरोबर त्या 'सौ.'वर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. कापूस वेचून नखाभोवतीचं कातडं फाटलेलं, तेही दिसतं त्यात.

मग पुढच्या एका बॅनरवर सरसकट 'श्रीमती' टाकलं. सरकारी पत्रात तसंच असतं ना. बॅनर लागून तासही झाला नसेल, एका बाईंच्या सासूबाई दुकानात हजर. "माया पोराले जित्तेपनीच मारलं का बाप्पा तुनं?" आपल्याकडे श्रीमती म्हणजे कुंकू गेलेली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सरकारी कागदांनी आता ते मागे पडलं असेल असं वाटलं होतं. रात्री शिडी लावून स्टिकर चिकटवला.

'गं. भा.'चा तर विषयच नको. 2023 च्या एप्रिलमध्ये विधवांसाठी 'गंगाभागीरथी' शब्द वापरायचा प्रस्ताव खुद्द मंत्र्यांकडून आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल.

बाप्याचं बरं आहे. लग्न होवो, बायको मरो, काडीमोड होवो, श्री. तो श्री.च. इथे मात्र यादीत एक अंगणवाडी सेविका आहेत, चाळिशी ओलांडलेल्या, लग्न केलेलं नाही. 'कु.' लावलं तर पोरं हसतात, कारण शाळेच्या हजेरीत त्यांच्याही नावाआधी तेच. दुसरी एक नवऱ्याला सोडून माहेरी राहते. तिने मुद्दाम येऊन सांगितलं, "दादा, सौ.च लाव."

माइकवर तर आणखी पंचाईत. 'ताई' सगळ्यांना चालतं म्हणतात, आशाताई तर पदाचंच नाव झालं. पण सत्तरीच्या म्हातारीला मी सत्तावीस वर्षांचा माणूस ताई म्हणू? तिला अख्खं गाव 'माय' म्हणतं. 'काकू' म्हटलं की निम्म्या जणींना वय वाढल्यासारखं वाटतं. 'बाई' म्हणजे आमच्या वेळी शाळेतल्या बाई. त्या आता मॅडम झाल्या आणि 'बाया' उरल्या निंदणाला. खरं बोलायचं तर गावात तलाठी 'मॅडम', मोठ्या घरच्या 'वहिनी' आणि मजुरीला येणारी नुसती 'शांते'. त्या दिवशी तिघी एका रांगेत बसणार आहेत.

सगळ्यांना चालेल असा एकच शब्द आहे का? गावात कोणी 'सुश्री' वापरून पाहिलंय? आणि "नावाआधी काय लावू" हे बाईला कसं विचारायचं, की तिला ते "नवरा आहे का" असं ऐकू जाणार नाही?

प्रतिसाद, गोंदियाहून:
आमच्याकडे उलटं आहे जी. हिंदीचा शेजार, त्यामुळे श्रीमती म्हणजे लग्न झालेली. सासरच्या पत्रिकांत 'श्रीमती एवं श्री' जोडीनं छापतात. सुश्री एकदा वापरलं होतं. माइकवर पुकारल्यावर आजी उठल्याच नाहीत. त्यांना वाटलं, सुश्री म्हणून दुसरीच कोणी पोरगी आहे.

प्रतिसाद, निवृत्त शिक्षिका:
तो रकानाच उडवा. मराठीत बाईचा मान नावाच्या मागे लागतो, पुढे नाही. सावित्रीबाई, जिजाऊ, रमाई. आपल्या वर्ध्याकडच्या सिंधुताई सपकाळ बघा, नावात ताई आणि लोकांच्या तोंडी माई. कुणी त्यांना सौ. की श्रीमती विचारत बसलं नाही. नावामागे 'ताई' किंवा 'बाई' छापा आणि मोकळे व्हा.

प्रतिसाद, वाशीमकडून:
एवढं सोपं नाही मॅडम. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, शासनाचं परिपत्रकही निघालं. तरी आमच्या गावात हळदीकुंकवाच्या पत्रिकेवरचा सौ. काही हलला नाही. माझ्या आईच्या प्रमाणपत्रावरून काढाल तर ती परत आणून देईल. ज्यांच्यासाठी छापता त्यांनाच विचारा ना.

धागाकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना. काल गटाच्या मीटिंगला गेलो होतो. तोंडाने काही विचारलं नाही. कोरी वही फिरवली आणि म्हटलं, प्रमाणपत्रावर नाव जसं हवं तसं आपापल्या हाताने लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारणीने लिहिलं. निम्म्याहून जास्त जणींनी सौ. लिहिलं, माहेरी राहणारीनेही. अंगणवाडीच्या ताईंनी नावाआधी काहीच लावलं नाही. गेल्या वर्षी 'सौ.'वर अंगठा ठेवणाऱ्या काकूंनी वही बराच वेळ धरून ठेवली. त्यांना घरीदारी 'बेबी' म्हणतात, कागदावरचं नाव मलाही पहिल्यांदा कळलं. ते लिहून झाल्यावर विचारलं, "मांगं बाई लावू का रे?" म्हटलं, लावा ना जी.

वहीत आहे तसंच छापतोय. फक्त माइकचं राहिलं. त्या सत्तरीच्या आजींना स्टेजवरून 'माय' म्हणून पुकारलं तर चालेल ना, पाहुण्या अधिकारी मॅडम बसलेल्या असताना?