लोकल बंद होती तेव्हा घर कसं चाललं? (ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव)

पोळीभाजीवाली, कळवा

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल थांबली. सगळ्यांसाठी सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ला, तीही सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. माझं दुकान स्टेशनाबाहेर. संध्याकाळी गाडीतून उतरलेल्या बायका पिशवी पुढे करायच्या, "ताई, दहा." रोजच्या चारशे पोळ्या सहज जायच्या. गाडीच नाही तर उतरणार कोण? शिवाय सगळ्या घरात बसून पोळ्याच काय, पावसुद्धा भाजायला लागलेल्या! लाटायला येणाऱ्या दोघींना "येऊ नका" सांगावं लागलं, ते अजून टोचतं.

मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोन यायला लागले. मुलं परदेशात, कामवाली बंद. चार पोळ्या, एक भाजी, पिशवी दाराच्या कडीला. एक आजोबा दुसऱ्या मजल्यावरून दोरीने डबा सोडायचे. आतल्या नोटांवर एवढं सॅनिटायझर मारलेलं असायचं की घरी आल्यावर तव्याशेजारी वाळत घालायचे मी.

तुम्हीही लिहा. आजाराचं खूप बोलून झालंय, चूल कशी पेटली ते सांगा.

रिक्षा, वागळे इस्टेट

मी दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवतो. स्टेशनची शेअर लाईन बंद म्हणजे धंदाच बंद. मालक भला, म्हणाला भाडं नको, गाडी वापर. मागच्या सीटवर कांदे-बटाटे टाकून सोसायट्यांच्या गेटवर विकले. जूनमध्ये जरा मोकळं झालं तोवर २ जुलैपासून ठाण्यात परत कडक टाळं, १९ तारखेपर्यंत. अर्धं पोतं कांदा पावसात सडला. २०२१ला सरकारने रिक्षावाल्यांना १५०० रुपये दिले, पण परवानाधारकांना. परवाना मालकाचा, पैसे मालकाला. त्याने त्यातले सातशे मला दिले. सगळे मालक देत नाहीत.

माथाडीच्या घरातून, कोपरखैरणे

आमच्याकडे उलटं. सगळी मुंबई घरात आणि आमचे हे रोज रात्री वाशी मार्केटला. ते गेले नाहीत तर तुमच्या ताटात भाजी नाही. पण मार्केटमध्ये रुग्ण सापडायला लागले तशी आमच्या मजल्यावरची माणसं आम्हाला बघून दार लावून घ्यायची. दूधवाला पिशवी जिन्यातच ठेवून पळायचा. हे सकाळी आले की बाहेरच कपडे काढून बादलीत टाकायचे, अंगावर फक्त टॉवेल, आणि पोरं आतून हसायची. ११ ते १७ मे मार्केट बंद ठेवलं. गोण्या उचलल्या तरच मजुरी, त्यामुळे तो आठवडा कोरडा. गावी साताऱ्याला जावं म्हटलं तर दीर फोनवर म्हणाले, "आलात तर चौदा दिवस शाळेत राहावं लागेल, वहिनी." माहेरचं तर विचारूच नका.

मंत्रालय, राहणार ठाणे

१५ जूनपासून आम्हाला लोकल मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याहून खिडकी. खरं सांगतो, मजा वाटली. शेजारचा खासगी नोकरीवाला तेव्हा बसने तीन तास घालवून जायचा, त्याच्यासमोर मी गाडीचा विषय काढत नसे. पगारही वेळेवर होता म्हणा.

तुर्भे

आई नेरुळला चार घरी काम करायची. एका घराने सगळे महिने पैसे दिले, दोघांनी एप्रिलपर्यंत, चौथ्या घराने फोन उचलणं सोडलं. तेच घर सर्वात मोठं. मी नववीत, भाऊ सहावीत, मोबाईल एक. माझा तास आणि त्याचा तास एकाच वेळी असला की आई म्हणायची, "नववीवाली बसेल." भावाचं गणित तेव्हा मागे पडलं ते पडलंच, आत्ता क्लास लावलाय. गेट उघडल्यावर सोसायटीने आईला लिफ्ट बंद केली, नववा मजला जिन्याने. साहेबांचं कुत्रं मात्र लिफ्टने.

पोळीभाजीवाली, कळवा

@रिक्षा, वागळे इस्टेट: दादा, तुमची ती कांद्याची गाडी आमच्याकडे यायची का हो? एका रिक्षावाल्याचे माझ्याकडे तीस रुपये राहिलेत, सुटे नव्हते म्हणून.

रिक्षा, वागळे इस्टेट

नाही ताई, मला पूल ओलांडू देत नव्हते. पण तुम्हाला द्यायचेच असतील तर सहा पोळ्या बांधून ठेवा.