मदत हवी आहे: शिंपल्यांच्या फ्रेमवर पांढरी पूड येते, रविवारच्या आत उपाय सांगा

अबोली_नागपूर (मंगळवार, दुपारी ३.१०)
नमस्कार मंडळी. शिंपल्यांची फ्रेम केली आहे, तिच्यावर पांढरी पूड येऊन राहिली. ब्रशने झटकली की काही दिवसांनी पुन्हा हजर. वासही येतो. कवड्यांची चकाकी पार गेली. रविवारी बेसा भागात नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत आहे आणि मला हीच फ्रेम द्यायची आहे. दुकानातून आणलेलं काही द्यायचं नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी पटकन सांगा.

खारेवारा (३.२५)
ताई, वास येतो म्हणजे आत मांस राहिलंय. आम्ही रत्नागिरीकर लहानपणापासून शिंपले जमवतो. पाच-दहा मिनिटं उकळायचे, टोकदार सुईने आतलं काढायचं. शंख असेल तर अंगणात मातीत पुरायचा, मुंग्या सगळं साफ करतात. महिन्याने काढा, वास शून्य.

अबोली_नागपूर (३.३१)
रविवारी वास्तुशांत आहे, महिना कुठून आणू? आणि शिंपले रिकामेच उचलले होते, किनाऱ्यावर उन्हात वाळलेले. आत काहीही नाही.

झटपट_उपाय (३.४०)
सोप्पं आहे. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, त्यात बुडवा, लगेच बुडबुडे येतील आणि सगळी घाण निघेल. आमच्याकडे संडास साफ करायचं ॲसिडही वापरतात, एक मिनिट बुडवलं की लखलखीत.

निवृत्त_रसायन (३.५२)
अबोलीताई, हे अजिबात करू नका. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुनखडीचंच कूळ. ते बुडबुडे घाणीचे नसतात, शिंपलाच विरघळत असतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. कवडीची नैसर्गिक चकाकी एकदा गेली की कशानेही परत येत नाही. ॲसिड तर हातालाही वाईट आणि फुफ्फुसालाही.
आता मला थोडी माहिती द्या. फ्रेम उघडी आहे की काचबंद? शिंपले कशाने चिकटवले? मागे काय लावलंय? कुठे टांगली आहे? आणि वास नेमका कसला, कुजका की आणखी कसला?

झटपट_उपाय (३.५८)
सर, आम्ही वर्षानुवर्षं करतो, काही विरघळलं नाही. पुस्तकातलं ज्ञान वेगळं.

निवृत्त_रसायन (४.०५)
एक पातळ शिंपला रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि सकाळी बोटांनी दाबून बघा. पुस्तकाची गरज नाही.

वास्तू_वेध (४.१०)
समुद्रातील मृत जीवांची कवचं घरात टांगू नयेत, नव्या घरात तर मुळीच नाही. त्याऐवजी तांब्याचा सूर्य द्या, पूर्वेच्या भिंतीला.

अबोली_नागपूर (४.३०)
तांब्याचा सूर्य नको, धन्यवाद. आमच्या देवघरात माहूरच्या रेणुकेच्या कवड्यांची माळ आहे, त्यामुळे कवडीचं वावडं आमच्या घराला नाही.

सरांसाठी सविस्तर लिहिते. दोघंही नोकरीतून मोकळे झाल्यापासून आम्ही थंडीत गुहागरला जाऊन राहतो. सकाळी सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर उतरायचं, ओहोटी असेल तर ओल्या वाळूवरून चालत जायचं. हे पुढे, मी मागे, कारण मी दर चार पावलांना वाकते. अख्खा शिंपला कुणीही उचलतो. मला तुटके आवडतात. लाटांनी घासून कडा गुळगुळीत झालेली असते, आणि तिसऱ्यांच्या शिंपल्याला आतून जो जांभळा रंग असतो ना, तो तुटक्या तुकड्यात जास्त दिसतो. नागपूरला आणून गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, रंगाप्रमाणे वेगवेगळ्या बरण्यांत भरते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बाहेर पडायची सोय नसते. जेवणं झाली, झाकपाक झाली की मी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून बसते आणि चारच्या चहापर्यंत तुकडे जुळवते. वर्षातला मला सगळ्यात आवडणारा वेळ आहे तो. ऑफिसात असताना मे महिन्याचा कंटाळा यायचा, आता मी त्याची वाट बघते.

या फ्रेममध्ये पारिजातकाचं झाड आहे. पाकळ्या पांढऱ्या शिंपल्यांच्या, देठ केशरी तुकड्यांचे, झाडाखाली सडा म्हणून छोट्या कवड्या. मागे सासूबाईंच्या निळ्या पातळाचा (साडीचा) तुकडा ताणून बसवला आहे. नणंदेला तो बघताक्षणी ओळखू येईल, म्हणून तर हीच द्यायची आहे.

काचबंद आहे, खोल पेटीसारखी. मागे प्लाय. पेटी फ्रेमवाल्याने करून दिली, आणि चिकटवायला त्यानेच एक ट्यूब दिली, मत्स्यपेटीच्या काचा जोडतात ती. वास कुजका नाही हो, आंबट आहे. टांगली आहे आमच्या झोपायच्या खोलीत.

निवृत्त_रसायन (४.४४)
वास आंबट, म्हणजे व्हिनेगरसारखा ना? आणखी दोनच प्रश्न. त्याच खेपेचे जे शिंपले बरणीत उरलेत, त्यांच्यावर पूड आहे का? आणि त्या खोलीत कूलर आहे का?

खारेवारा (४.५०)
सर, कूलरचा काय संबंध? हे खारं पाणी आहे. शिंपल्यात मुरलेलं मीठ वर येतंय. आमच्याकडे भिंतींनाही लोणा लागतो तसाच प्रकार. ताई, पूड पाण्यात टाका, विरघळली तर मीठच.

वऱ्हाडी_ठेचा (४.५५)
मॅडम, गुहागरले कशी जाता तुम्ही? मी बी मार्चमंदी रिटायर झालो. आमची मंडळी रोज म्हणते समुद्र दाखवा, समुद्र दाखवा. नागपुरातून दोन्हीकडचा समुद्र लांबच पडते न बाप्पा. पुरीले जाऊ का कोकणात जाऊ?

निसर्गसखा (५.०२)
मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. किनाऱ्यावरचे शिंपले म्हणजे कचरा नाही. काही खेकड्यांना मागच्या मऊ भागावर स्वतःचं कवच नसतं, ते रिकाम्या शंखात राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. आपण शंख उचलले की त्यांचं घर जातं. शिवाय नॉटिलससारखी काही कवचं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. दुकानात मिळतात म्हणून विकत घेऊ नका.

खारेवारा (५.०८)
ताईंनी तुटके तुकडे उचललेत साहेब. त्यात कोण खेकडा राहणार? आमच्याकडे पूर्वी शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे, घरंच्या घरं त्या चुन्यात बांधली आहेत.

निसर्गसखा (५.१५)
तुटक्या शिंपल्यांना माझा विरोध नाही, उलट ताईंची पद्धत मला आवडली. मी अख्ख्या शंखांबद्दल बोलतोय. पिशव्या भरभरून नेणारे पर्यटक मी बघितले आहेत, धागा तेही वाचतील.

अबोली_नागपूर (५.४०)
बरणीतले शिंपले अगदी स्वच्छ आहेत, आताच बघून आले. पूड चमचाभर पाण्यात टाकली तर विरघळली. म्हणजे मीठच का? आणि हो, कूलर आहे, समोरच्याच खिडकीला. नागपुरात मे महिन्यात कूलर नाही असं घर दाखवा!

खारेवारा (५.४३)
बघा, मीठ!

निवृत्त_रसायन (६.१०)
खारेवारा, थांबा. मीठ असतं तर बरणीतल्या शिंपल्यांवरही आलं असतं, कारण धुतले-वाळवले एकत्रच. मला जिची शंका आहे ती पूडही पाण्यात विरघळते, त्यामुळे त्या परीक्षेवरून काही ठरत नाही. फरक फक्त पेटीचा आहे.

ताई, तुमच्याकडे काय झालंय ते असं. सिलिकॉनच्या ज्या ट्यूबला व्हिनेगरचा वास येतो, ती सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते. प्लायवुड आणि त्यातला गोंदही आम्लाची वाफ सोडतात, आणि ते पुष्कळ दिवस चालतं. उघड्या हवेत ही वाफ उडून गेली असती, काचबंद पेटीत ती कोंडली गेली. आम्ल आणि शिंपल्यातलं कॅल्शियम यांचा क्षार तयार होतो, तीच तुमची पांढरी पूड. ही गोष्ट संग्रहालयांना चांगली ठाऊक आहे. लाकडी कपाटांत ठेवलेले शिंपले असेच खराब व्हायचे, आणि बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं. त्याला तो जंतूंचा रोग वाटला होता, म्हणून अजूनही त्याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. रोग वगैरे काही नाही, शुद्ध रसायन आहे.

झटपट_उपाय (६.२२)
पण यासाठी दमट हवा लागते ना? नागपुरात मे महिन्यात पापड दोन तासांत वाळतो. तुमचं गणित इथेच चुकतं सर.

निवृत्त_रसायन (६.३०)
प्रश्न रास्त आहे, म्हणूनच कूलरचं विचारलं. बाहेरची हवा कोरडी आहे, पण कूलर पाणी उडवूनच गार करतो. खिडक्या-दारं लावून चालवला की खोलीत दमटपणा साठतो, उशीचे अभ्रेसुद्धा ओलसर लागतात. पेटी काही हवाबंद नसते, ती ओल आत जाते. त्यात उष्णतेने प्लायमधून आम्ल जास्त सुटतं. शिंपल्यांना यापेक्षा वाईट जागा घरात नसेल.

अबोली_नागपूर (६.३८)
सर, कारण समजलं. आता करू काय? आज मंगळवार आहे.

निवृत्त_रसायन (६.५५)
आजच पेटी उघडा. शिंपल्यांखालून दात साफ करायचा दोरा करवतीसारखा ओढत न्या, सिलिकॉन कापलं जातं आणि कापड वाचतं. उरलेलं सिलिकॉन नखाने सोला. शिंपले साध्या स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवा, मधे दोनतीनदा पाणी बदला. मग पंख्याखाली पूर्ण वाळवा, कूलरच्या खोलीत नको. गच्चीवर सावलीत ठेवलेत तर नागपूरची हवा हे काम फुकट करून देईल. चकाकी गेलेल्या कवड्या बदला, त्या सुधारणार नाहीत. बाकीच्यांना बेबी ऑइलचा अगदी पुसट हात द्या. प्लाय काढून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा ॲक्रिलिकची शीट बसवा. चिकटवायला दोन ट्यूब मिसळून करतात ते इपॉक्सी.

अबोली_नागपूर (७.०५)
इपॉक्सी कापडावर पसरतं, डाग पडतो. पातळाला डाग चालणार नाही, तो तुकडा परत मिळणार नाही.

लोकरवेडी (७.२०)
मग चिकटवताच कशाला? मी सगळ्यांना क्रोशाच सांगत असते, म्हणून इथेही सांगते. पांढरा सुती दोरा घ्या, बारीक सुई, आणि शिंपल्याभोवती जाळी विणा. मी नर्मदेतले गोटे असे विणले आहेत. गोल साखळी, मग वाढवत न्यायचं, शिंपला आत बसला की मागून टाके कमी करत आवळायचं. पुढची कड दिसते, मागची जाळी कापडाला दोन टाके घालून शिवायची. गोंदाचा थेंब नको.

झटपट_उपाय (७.२६)
रविवारच्या आत अख्खं झाड विणणार? शक्य नाही. ग्लू गन घ्या.

लोकरवेडी (७.३३)
सगळं विणायचं नाही, मोठेच. छोट्या कवडीला तर विणायचंही नको. तिच्या पोटाशी लांब फट असते, दोरा वळशात घालून तसाच टाका. आणि ग्लू गनने चिकटवलेलं नागपूरच्या मे महिन्यात मऊ पडतं, माझ्या तोरणाचे मणी गळून पडले होते.

वऱ्हाडी_ठेचा (७.४०)
माह्या प्रश्नाचं कोणी काही सांगून नाही राहिलं.

खारेवारा (७.५८)
दादा, कोकणातच या. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर ती कोकण रेल्वेने जाते, चिपळूणला उतरा, तिथून गुहागरला एसटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पावसाळ्यात समुद्राच्या जवळही जाऊ नका. मार्चच्या आसपास आलात तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये ते काम सुरू केलं, आता गावकरीच घरात पाहुणे ठेवतात. पोळी-भाजी, आमटी-भात, उकडीचे मोदक.

वऱ्हाडी_ठेचा (८.०५)
रेल्वेत ज्येष्ठांची सूट भेटन का?

लोकरवेडी (८.१२)
रेल्वेची २०२० च्या मार्चपासून बंद आहे. एसटीत आहे. ६५ पूर्ण झाली की अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धं, तेव्हा वहिनींचं आजच अर्धं.

वऱ्हाडी_ठेचा (८.१५)
म्हणजे मंडळीले अर्धं अन् मले पूर्ण. चालते.

वास्तू_वेध (८.३०)
रविवारचा मुहूर्त कोणी बघितला आहे? पत्ता द्या, पाहून सांगतो.

अबोली_नागपूर (शनिवार, रात्री ९.४५)
मंडळी, झालं. सर म्हणाले तसा दोरा ओढला, पातळाला ओरखडासुद्धा नाही. पाण्यातून काढून गच्चीवर जिन्याच्या सावलीत वाळवले. पूड साफ गेली, पण काही पाकळ्यांवर बारीक खळगे पडलेत, सर बोलले तसंच. त्या मागच्या फांद्यांत घेतल्या. सड्याच्या कवड्या सगळ्या नव्या घातल्या, बरणीत होत्या. लोकरवेडीताई, मोठे शिंपले जाळीत बसवले आणि खरं सांगते, आधीपेक्षा छान दिसतात, फुलाला दवाची जाळी असावी तसे. ह्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून आणला. वरच्या काचेला कडेने बारीक फट ठेवली आहे, हवा खेळायला. ती फट ठेवू की बंद करू, तेवढं सांगा. सकाळी आठला निघायचं आहे.

निवृत्त_रसायन (९.५८)
ठेवा. आत धूळ गेली तर ब्रशने निघेल. आणि नणंदबाईंना सांगा, कूलरच्या भिंतीवर टांगू नका.

झटपट_उपाय (१०.०४)
सरांना विचारायचं होतं. मी एक पातळ शिंपला व्हिनेगरमध्ये ठेवला होता. सकाळी बोटात तुटला. मग फरशीवरचे पांढरे डाग काढायला मी जे लिंबू वापरतो, त्यानेही असंच होतं का? फरशी शहाबादी आहे.

निवृत्त_रसायन (१०.११)
होतं. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. लिंबू बंद करा, साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. डाग कशाचे आहेत ते लिहून नवीन धागा काढा. बोअरचं पाणी वापरता का, तेही आधीच लिहा.